जंताचं औषध देऊनही त्रास परत परत येतोय? मग आधी माशी आणि डास बघा

औषध दिलं की महिना-दोन महिने बरे जातात आणि मग परत तेच. गायीच्या डोळ्यातून पाणी, बैलाच्या वशिंडावरची भरत आलेली जखम पुन्हा ओली, घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यातला चट्टा दर उन्हाळ्यात हजर, कुत्रा जिना चढला की खोकतोय. मग माणूस काय करतो, तर औषधाची कंपनी बदलतो, नाहीतर डोस दुप्पट करतो, नाहीतर या जनावरालाच काहीतरी आहे म्हणून सोडून देतो. तिन्हीचा उपयोग नाही आणि डोस दुप्पट करणं तर काही जनावरांच्या सरळ जिवावर बेततं, त्याबद्दल खाली लिहितोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या बऱ्याच जंतांना एका जनावरातून दुसऱ्या जनावरात जायला मधे एक कीटक लागतोच लागतो, आणि आपण जे औषध देतो ते जंताच्या सगळ्या वयांना मारत नाही. म्हणजे दोन दारं उघडी राहतात. त्रास परत आला की या दोनपैकी कुठलं दार उघडं राहिलं ते आधी शोधायचं, बाटली बदलायची ती नंतर.

पहिलं काम: तुमच्या केसमध्ये कीटक आहे की नाही

सगळ्याच गोलकृमींना कीटक लागत नाही. कुत्र्याच्या पिल्लांच्या पोटात जे लांब पांढरे जंत निघतात (टॉक्सोकारा) ते पिल्लाला आईच्या पोटातच मिळालेले असतात, वासरांमधला त्यांचा भाऊबंद आईच्या दुधातून येतो, शेळ्या-मेंढ्यांचं रक्त पिणारा हिमोंकस चरताना गवतावरून जातो, हूकवर्म मातीतून. तिथे माश्या मारत बसून काही होणार नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्याचं वेळापत्रक वेगळं.

कीटकवाले जंत हे साधारण असे: डोळ्यातला थेलाझिया, जखमेत घुसणारा हॅब्रोनेमा, कातडीतले स्टेफॅनोफायलेरिया आणि पॅराफायलेरिया, घोड्याच्या मानेतला ऑन्कोसर्का, गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीतला सेटारिया, कुत्र्याच्या हृदयाजवळचा डायरोफायलेरिया म्हणजेच हार्टवर्म, आणि अन्ननलिकेत गाठ करणारा स्पायरोसर्का. नावं पाठ करायची गरज नाही, त्रास कुठे आहे ते बघा. त्रास डोळ्यात, कातडीत, मानेवर, पायांच्या ताकदीत किंवा छातीत असेल आणि जुलाब, पोट फुगणं, हडकणं असलं फारसं काही नसेल तर संशय कीटकवाल्या जंतावर घ्यायचा.

दुसरी खूण म्हणजे शेणाची तपासणी. शेणाचा रिपोर्ट निल आला म्हणून जंत नाहीत असं धरून बरेच जण चालतात आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. यातल्या बहुतेक जंतांची पिल्लं शेणात येतच नाहीत. हार्टवर्म आणि सेटारियाची पिल्लं रक्तात फिरतात, ऑन्कोसर्काची कातडीत, थेलाझियाची अश्रूत, स्टेफॅनोफायलेरियाची त्या जखमेच्या पाण्यातच. आणि हे साहजिकच आहे, कारण कीटक जिथे तोंड लावणार तिथेच त्यांना हजर राहायचंय. म्हणून डॉक्टरांना नुसतं "जंताची टेस्ट करा" असं सांगू नका, "रक्ताची करायची की कातडीच्या खरवडीची" असं विचारा.

तिसरी खूण सीझन. माश्या किंवा डास वाढले की काही आठवड्यांनी त्रास सुरू होतो आणि थंडीत आपोआप कमी होतो. त्याच दिवशी नाही, काही आठवड्यांनी, हे लक्षात ठेवा. कारण माशी पायाला घाण लागून जंत नेत नाही, जंताचं पिल्लू तिच्या पोटात जातं, आत वाढतं, दोनदा कात टाकतं आणि मगच दुसऱ्या जनावराला लागू शकतं. त्याला उष्णतेप्रमाणे दहा-बारा दिवसांपासून तीन-चार आठवडे लागतात. ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती १८७७ साली, चीनमधल्या अमॉय बंदरात, पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरला, माणसाच्या हत्तीरोगाच्या जंताबाबत. डासाच्या आत पिल्लं वाढताना त्याने पाहिली पण त्याला वाटलं की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन लागण होते, चावण्यातून जंत आत जातो हे पक्कं व्हायला १९०० साल उजाडलं. एवढ्या हुशार माणसाचं अर्धं गणित चुकलं तर आपलं चुकलं तर नवल नाही.

डोळ्यातून सतत पाणी, फूल पडतंय, मलम लावून तात्पुरतं बरं

गाई-म्हशींच्या डोळ्याला पाणी म्हटलं की बहुतेक जण अँटिबायोटिक मलम लावतात. माश्यांमुळेच पसरणारा एक बॅक्टेरियाचा डोळ्याचा आजार आहे, मोरॅक्सेलाचा, त्यात मलमाने फरक पडतो. पण मलम लावलं की आठ दिवस बरं आणि मग परत चालू, असं होत असेल तर डोळ्यात जंत आहे का ते बघितल्याशिवाय तिसरी ट्यूब आणू नका.

बघायचं कसं. जनावर नीट बांधून, डोकं धरायला एक माणूस घेऊन, चांगल्या उजेडात खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढायची आणि नाकाकडच्या कोपऱ्यात जी आतली तिसरी पापणी असते तिच्या कडेला आणि मागच्या खोबणीत नजर ठेवायची. घाई करायची नाही. थेलाझिया एक ते दोन सेंटिमीटर लांब, पांढुरका, दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसतो आणि तो हलतो. बुबुळावरून सरकत जाऊन दुसऱ्या बाजूच्या पापणीखाली गायब होतो, म्हणून एकदा बघून काही दिसलं नाही तर नाहीच असं समजू नका. काही वेळा अश्रूनलिकेतच बसलेला असतो, तेव्हा स्वच्छ सलाईनची हलकी धार सोडली की बाहेर येतो. नखाने, काडीने, कापसाने ओढायचा प्रयत्न करू नका, बुबुळाला ओरखडा गेला तर जंतापेक्षा जास्त नुकसान. डॉक्टर डोळा सुन्न करणारे थेंब घालून चिमट्याने किंवा धारेने काढतात आणि बरोबर लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन गटातलं औषध देतात.

इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे. जंत डोळ्याच्या वर सरकतोय की आत पोहतोय? घोड्याच्या डोळ्यात कधी कधी बुबुळाच्या पारदर्शक पडद्यामागे, आतल्या पाण्यात, पांढरा जंत वळवळताना दिसतो. तो थेलाझिया नव्हे, बहुतेक वेळा तो वाट चुकलेला सेटारिया असतो, डासातून आलेला. तो धुऊन निघत नाही, सुई घालून किंवा छोट्या ऑपरेशनने काढावा लागतो आणि ते काम डॉक्टरचंच. डोळ्यात धार मारत बसलात तर वेळ जाईल आणि डोळा पांढरा होईल.

आता परत का येतो. कारण एका गायीच्या डोळ्यातला जंत काढला पण शेजारच्या चार जणींच्या डोळ्यात तो आहेच, फक्त त्यांना त्रास दिसत नाहीये. चेहऱ्यावर बसणारी माशी चावत नाही, ती अश्रू आणि नाकाचं पाणी चाटते, या डोळ्यावरून त्या डोळ्यावर दिवसभर फिरते, एकीच्या अश्रूंबरोबर पिल्लं गिळते आणि काही आठवड्यांनी दुसरीच्या डोळ्यावर तोंड टेकवलं की वाढलेली अळी तिथे उतरते. म्हणून डोळ्याच्या जंताला कळपातल्या सगळ्यांचे डोळे बघायचे आणि एकाच वेळी इलाज करायचा. एकेकीला पाळीपाळीने औषध दिलंत तर जंत पण पाळीपाळीने फिरेल.

कुत्र्या-मांजरांत थेलाझियाची वेगळी जात आहे, ती फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीच्या एका नातेवाइकाकडून पसरते, आणि गंमत म्हणजे डोळ्यावर येतात ते त्या माशीचे नर. माणसालाही लागते. गाईंमधली एक जात माणसाच्या डोळ्यात सापडल्याची पहिली केस २०१८ साली छापून आली होती, अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या एका बाईच्या डोळ्यातून १४ जंत निघाले. तेव्हा माश्या तोंडावर घोंघावत असताना गोठा साफ करताय तर चष्मा घाला, बाकी घाबरण्यासारखं काही नाही.

वशिंडावरची, कानावरची, पोटाखालची जखम बरीच होत नाही

अशा जनावरांचे मालक मलम, हळद, फवारा, इंजेक्शन सगळं करून दमलेले असतात. खपली धरते, कडेने भरून येते, जनावर खांबाला घासतं आणि पुन्हा ओली. स्टेफॅनोफायलेरिया नावाचा जंत असतो, मोठा झाला तरी जेमतेम काही मिलिमीटर, कातडीच्या आत राहतो. याची एक जात वशिंडावर जखम करते आणि ती आसामवरून ओळखली जाते, एक म्हशींच्या कानावर, एक पोटाखाली मधल्या रेषेवर. खपलीवरून खरवडून काही सापडत नाही, खपली काढून खालून जरा रक्त येईपर्यंत खोल खरवड घेऊन ती सलाईनमध्ये ठेवून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. वरवरच्या खरवडीत "फंगस असेल" म्हणून रिपोर्ट येतो आणि पुढचे दोन महिने फंगसचं मलम.

इलाजापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जखम झाकणं. उघडी जखम हीच या जंताची जायची आणि यायची दोन्ही वाट आहे. माशी जखमेवर बसून पिल्लं उचलते, आणि जिच्या आत अळ्या वाढून तयार झाल्यात ती माशी जखमेवर बसूनच त्या सोडते. म्हणजे एकाच बैलाच्या जखमेत त्याच्याच जंताची पुढची पिढी परत येऊन पडते. औषधाने आतले मेले तरी वरून भर चालूच. माशी बसणारच नाही असं मलम, जाळीदार कपडा, बसतं तिथे पट्टी, काहीही करा पण जखम भरेपर्यंत माशी बसू द्यायची नाही. आयव्हरमेक्टिनचं एक इंजेक्शन देऊन गप्प बसलात तर पिल्लं मरतील, मोठे जंत सगळे मरतीलच असं नाही.

घोड्यांत असाच प्रकार हॅब्रोनेमाचा. याचे मोठे जंत घोड्याच्या पोटात राहतात आणि तिथे फारसं काही बिघडवत नाहीत. पिल्लं लिदीत येतात, लिदीतले माशीचे किडे त्यांना खातात, माशी झाली की ती घोड्याच्या ओठाजवळ बसली तर अळ्या गिळल्या जातात आणि सायकल पूर्ण. पण माशी जर जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यात, लिंगाच्या ओलसर कातडीवर बसली तर अळ्या तिथे उतरतात, पोटात जाऊ शकत नाहीत, मोठ्या होऊ शकत नाहीत, आणि शरीर त्यांच्याविरुद्ध नुसतं मांस वाढवत बसतं. लालभडक वाढलेलं मांस, त्यात पिवळसर बारीक कडक कण हाताला लागतात, प्रचंड खाज. हे कण लागले की मला तरी दुसरा संशय येत नाही, पण कॅन्सर आणि बाकी गाठी अशाच दिसू शकतात म्हणून जुन्या चट्ट्याचा तुकडा तपासून घेतलेला बरा. हिवाळ्यात बरा झालेला चट्टा उन्हाळ्यात परत उठतो, लोक म्हणतात जुनाच आजार उलटला, बहुतेक वेळा ती नवीन माशी आणि नवीन अळी असते.

आणि एक, अंगावर अचानक रक्ताचे थेंब ओघळलेले दिसतात, काटा लागला असेल म्हणून सोडून देतो, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. खांद्यावर, पाठीच्या वरच्या बाजूला, उन्हाच्या वेळी. हा पॅराफायलेरिया. मादी कातडीखालून भोक पाडून त्या रक्तात अंडी घालते आणि माशी ते रक्त चाटायला येते. काट्याची जखम रोज जागा बदलत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कुठली माशी ते ओळखा, कारण प्रत्येकीचा पाळणा वेगळा

"गोठ्यात फवारा मारला, काही झालं नाही" हे वाक्य रोज ऐकू येतं. फवारा उडणाऱ्या माशीवर मारला, आणि ती जिथून निघते तिथे हात लागला नाही.

जनावर पाय आपटतंय, शेपटी पायांकडे मारतंय, आणि माशी पायांवर डोकं वर करून बसलेली आहे तर ती चावणारी गोठामाशी. ती ताज्या शेणात कमी आणि सडलेल्या, लघवी-शेण मिसळलेल्या चाऱ्यात, गव्हाणीखालच्या ओल्या कचऱ्यात, उकिरड्याच्या कडेला जास्त होते. तुम्ही शेण रोज उचलत असाल आणि गव्हाणीमागचा कुजलेला चारा महिनोन्‌महिने तसाच असेल तर ती तिथूनच निघतेय. पाठीवर, खांद्यावर घोळक्याने बारीक माश्या, बहुतेक डोकं खाली करून, आणि हात मारला की उडून लगेच परत तिथेच, तर ती शिंगमाशी म्हणतात ती, दिवसरात्र जनावरावरच राहते आणि फक्त अगदी ताज्या शेणात अंडी घालायला उतरते. चरायच्या जागी पडलेला शेणाचा पो हा तिचा पाळणा, गोठा चकाचक ठेवून तिला फरक पडत नाही. डोळ्याभोवती, नाकाभोवती घोळका असेल तर ती चेहऱ्यावरची माशी, तीही चरणाऱ्या जनावरांच्या ताज्या शेणात वाढते. साधी घरमाशी कुठेही, शेण, लीद, खत, सांडलेलं खाद्य.

घरमाशी उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण सात ते दहा दिवस घेते. म्हणजे शेण-लीद आठवड्यातून एकदा उचलणं म्हणजे तिला नीट मोठं होऊ देणं. तीन-चार दिवसांच्या आत उचला, पसरून वाळवा किंवा ढीग करून नीट झाकून तापू द्या, तापलेल्या ढिगाच्या पोटात किडे जगत नाहीत, कडेचा थंड भाग आत उलटायचा तेवढा. हे रटाळ काम आहे आणि कुठल्याच बाटलीवर छापलेलं नसतं, पण माझ्या मते फवाऱ्यापेक्षा याचा फरक जास्त पडतो.

यात एक विरोधाभास पण आहे, आयव्हरमेक्टिन गटातलं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणात काही दिवस ते टिकतं. त्याने माशीचे किडे मरतात हे बरं, पण शेणकिड्यांची पिल्लंही मरतात, आणि शेणकिडे हे शेण जमिनीत गाडून माश्यांची जागाच संपवणारे लोक. म्हणून उठसूट दर महिन्याला सगळ्या कळपाला टोचत बसणं मला पटत नाही.

बारीक चिलटांचा प्रश्न वेगळा. क्युलिकॉइडिस नावाचं एक ते तीन मिलिमीटरचं चिलट, शेणमिश्रित चिखलात वाढतं, पहाटे आणि संध्याकाळी चावतं आणि घोड्याच्या मानेतला ऑन्कोसर्का पसरवतं. हे चिलट उडण्यात फार कमजोर आहे, साधा मोठा पंखा चालू असलेल्या जागेत ते टिकत नाही. मच्छरदाणीच्या नेहमीच्या भोकातून मात्र आरामात येतं.

ऑन्कोसर्का परत का उठतो तर मोठे जंत मानेच्या जाड स्नायुबंधात बसलेले असतात, तिथे आयव्हरमेक्टिन त्यांना मारत नाही, फक्त कातडीतली पिल्लं मारतं. पिल्लं मेली की खाज थांबते, काही महिन्यांनी मोठ्या माद्या नवीन पिल्लं सोडतात, खाज सुरू. औषध फेल नाही, औषधाचं कामच तेवढं आहे. पहिल्या डोसनंतर दोन-चार दिवस पोटाखाली सूज किंवा खाज वाढली तर तीही मेलेल्या पिल्लांमुळे असते.

कुत्र्याला दर महिन्याला गोळी चालू आहे, तरी हार्टवर्म पॉझिटिव्ह

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. मालक म्हणतो गोळी नकली, डॉक्टर म्हणतात तुम्ही चुकवली, आणि तारखा कुणीच बघत नाही.

महिन्याची गोळी पुढच्या महिन्यासाठी नसते, ती मागच्या महिन्यासाठी असते. डासाने सोडलेली अळी कातडीखाली असते, तिचं वय महिनाभराचं असेपर्यंत ही गोळी तिला साफ करते. साधारण ५० ते ७० दिवसांत ती कोवळी प्रौढ होते, त्यानंतर तिच्यावर या गोळीचा भरवसा नाही. मग ती फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत पोचते, आणि चावल्यापासून सहा-सात महिन्यांनी मादी रक्तात पिल्लं सोडायला लागते.

आता हे तारखांवर बसवून बघा. कुत्र्याला ५ जूनला डास चावला. १ जुलैची गोळी दिली असती तर अळी संपली असती. ती राहिली, आणि १ ऑगस्टपासून मात्र एकही न चुकता दिली. १ ऑगस्टला त्या अळीचं वय ५७ दिवस. काहींवर गोळी चालेल, काहींवर नाही. वाचलेल्या मोठ्या होतात. सप्टेंबरमध्ये टेस्ट केली तर निगेटिव्ह, कारण नेहमीची टेस्ट ही प्रौढ मादीच्या प्रथिनावर चालते आणि ती मादी अजून तेवढी मोठीच नाही. जानेवारीत टेस्ट पॉझिटिव्ह. मालकाला शपथेवर आठवतंय की सहा महिने एकही गोळी चुकली नाही, आणि ते खरंही आहे.

म्हणून गोळी चुकली असेल तर आज द्या, डॉक्टरांना सांगा, आणि चुकल्यापासून सहा-सात महिन्यांनी टेस्टची तारीख आत्ताच लिहून ठेवा. गोळी दिल्यावर तासाभरात कुत्रा ओकला का तेही बघा, ओकला तर डोस धरू नका आणि परत द्यायचा का ते विचारा. वजन वाढल्यावर जुन्याच वजनाच्या पट्टीची गोळी चालू राहते, हेही नेहमीचं कारण. आणि डास संपले म्हणून गोळी बंद केली तर शेवटच्या डासानंतरचा डोस राहतो, अमेरिकन हार्टवर्म सोसायटी तर बारा महिने द्या असंच सांगते, आणि लक्षात ठेवायच्या दृष्टीने मला तेच सोपं वाटतं. अळीला डासाच्या पोटात वाढायला उष्णता लागते, १४ अंशांखाली वाढ थांबते हे खरं, पण घराच्या आतली हवा बाहेरच्या थर्मामीटरला विचारून गरम होत नाही.

पॉझिटिव्ह आला की घरी काही करू नका. मोठे जंत कुत्र्यात पाच ते सात वर्षं जगतात, मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, आणि ते एकदम मारले तर मेलेले तुकडे फुफ्फुसात जाऊन अडकतात. म्हणून मेलार्सोमिनची इंजेक्शनं ठरवून, टप्प्याने देतात, आधी डॉक्सिसायक्लिन देतात कारण जंताच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात आणि ते मारले की जंत कमजोर पडतो आणि पुढची सूजही कमी होते. त्या सगळ्या महिन्यांत कुत्र्याला पळवायचं नाही, पट्ट्यावर सावकाश लघवीपुरतं फिरवायचं. इलाजात लोक चुकतात ते इथेच, कुत्रा ताजातवाना दिसला की बॉल टाकतात. नुसती महिन्याची गोळी देत राहू, हळूहळू मरतील असंही काही जण सांगतात, त्याला दोन वर्षांपेक्षा जास्त लागू शकतात आणि तोवर फुफ्फुसाचं नुकसान चालूच. अचानक कोसळला, हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद तपकिरी, तर त्याच क्षणी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही.

मांजरात एक-दोन जंतही पुरतात, खोकला दम्यासारखा दिसतो, आणि मोठे जंत मारायचं सुरक्षित औषध मांजराला नाही, तिथे फक्त प्रतिबंधच. घरातलीच मांजर आहे हा काही बचाव नाही, डास घरात येतोच.

शेळी मागून लुळी पडली आणि गाय ठणठणीत

सेटारिया गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीत राहतो आणि त्यांना सहसा काही करत नाही. डास त्यांचं रक्त पिऊन शेजारच्या शेळीला, मेंढीला किंवा घोड्याला चावला की अळीची वाट चुकते, ती मणक्यातल्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत शिरते आणि जनावर मागच्या पायांनी झुलायला लागतं, काही वेळा एका दिवसात बसतं. शेळीच्या रक्तात पिल्लं सापडत नाहीत कारण तिच्यात जंत मोठाच होत नाही. नस गेली की औषधाने परत येईलच असं नाही, म्हणून झुलायला लागल्याच दिवशी डॉक्टर. एकदा झालं की दरवर्षी होतं, कारण साठा शेजारच्या गाईंच्या रक्तात आहे. रात्री शेळ्या गाईंपासून लांब किंवा जाळीत, आणि डबकं, टाकी, जुने टायर, जनावरांची पाण्याची भांडी आठवड्याच्या आत रिकामी करायची. शेळीला आधीच औषध देऊन ठेवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

कुत्रा खाल्लेलं न पचलेलंच बाहेर टाकतो

यात उडणारा कीटक नाहीच, शेणकिडा आहे. कुत्रा शेणकिडा खातो, किंवा शेणकिडा खाल्लेली पाल, सरडा, उंदीर खातो, आणि स्पायरोसर्का पोटातून महारोहिणीच्या भिंतीतून वर चढत अन्ननलिकेत गाठ करतो. नेहमीच्या जंताच्या गोळीने हा जात नाही, विष्ठेत अंडी कधी असतात कधी नसतात, एक्स-रे किंवा दुर्बिणीने बघावं लागतं. गाठ जुनी झाली तर कॅन्सरमध्ये बदलू शकते म्हणून इथे चालढकल नको. बाहेर फिरताना तोंडाला जाळी लावायची आणि विष्ठा लगेच उचलायची.

डोस वाढवण्याआधी

आयव्हरमेक्टिन हे चांगलं औषध आहे, ते ज्यापासून निघालं त्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं, पण कॉली आणि त्याच्या नात्यातल्या काही कुत्र्यांत एका जीनमधल्या बदलामुळे ते मेंदूत शिरतं. हार्टवर्मच्या गोळीतला डोस अगदी बारीक असतो, मायक्रोग्रॅममध्ये, तो त्यांनाही चालतो. पण गाईचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला दिलं की झटके, आंधळेपणा, बेशुद्धी. तसंच रक्तात भरपूर पिल्लं असलेल्या कुत्र्याला टेस्ट न करता जोरदार औषध दिलं तर एकदम मेलेल्या पिल्लांचा धक्का बसू शकतो. दुभत्या जनावराला यातली काही औषधं चालतच नाहीत, दूध किती दिवस टाकायचं ते लेबलवर वाचा.

आणि "जंत औषधाला सरावलेत" हा संशय यादीत शेवटी ठेवा. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांत तो प्रकार सर्रास आहे. हार्टवर्ममध्येही अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खालच्या पट्ट्यात तो सिद्ध झालाय. पण डोळा, जखम, मान यातल्या केसमध्ये औषध हरलं असं म्हणण्याआधी एवढं तपासा: वजन खरंच मोजलं होतं की डोळ्याने ठरवलं, कळपातल्या सगळ्यांना एका वेळी दिलं का, त्या औषधाने मोठा जंत मरतो की फक्त पिल्लं, आणि डोस दिला त्या आठवड्यात त्याच जखमेवर माश्या बसत होत्या का. डॉक्टरकडे जाताना औषधाची रिकामी बाटली, दिलेल्या तारखा आणि माशी कुठे बसते त्याचा मोबाईलवर काढलेला जवळून फोटो एवढं न्या, निम्मी विचारपूस तिथेच संपते.